थैलीचा हिशेब

आमच्या मंडळीत सेक्रेटरी व्हायला चौघे तयार असतात. खजिनदाराचं नाव निघालं की मात्र सगळ्यांना अचानक मोबाइलवर महत्त्वाचे मेसेज येतात. येशूच्या शिष्यांमधली थैली यहूदाकडे होती आणि तो तीत हात घालायचा, असं योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे दर वार्षिक सभेत कोणी ना कोणी माझ्याकडे बघून तोच विनोद करतो. मीही हसतो. इतक्या वर्षांत तो विनोद आणि मी एकमेकांना सरावलोय.

मी पोटापाण्यासाठी कळमन्याच्या मार्केट यार्डात दिवाणजीचं काम करतो. आमची अडत मुख्यतः मिरचीची, थोडी धान्याची. भिवापूर, मांढळकडची मिरची गाड्यांनी येते. पोत्याच्या तोंडाशी लालभडक माल आणि खाली फटकी, हे या धंद्यात नवीन नाही. धान्याच्या पोत्यात परखी खुपसून तळाचे दाणे तळहातावर घ्यायचे, मिरचीचं पोतं उलटं करून बघायचं, काट्यावर उभं राहून वजन वाचायचं, लिलावात बोली थांबली की लगेच टिपायची आणि पट्टीवरचा आकडा दोनदा मिळवायचा. हे सगळं शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत चालतं आणि कोणी रुसत नाही. माल तपासला म्हणून शेतकरी रागावत नाही, काटा तपासला म्हणून व्यापारी रागावत नाही. संशय हा बाजारातला रोजचा व्यवहार आहे. तो संध्याकाळी पट्टीबरोबर मिटतो. मग तीच माणसं एका टपरीवर चहा पितात.

मंडळीत मात्र उलटं होतं. कोणी सभेत उठून साधं विचारलं, की छपराच्या दुरुस्तीला किती लागले, तर उत्तर यायचं, "भाऊ, प्रभूच्या कामात विश्वास पाहिजे न." झालं. विचारणारा खाली बसायचा. पण प्रश्न काही खाली बसत नसे. तो उपासनेनंतर फाटकाबाहेरच्या टपरीवर जायचा.

त्या टपरीवर आमचा चार-पाच जणांचा अड्डा होता. माझी मंडळी कुठल्या पंथाची ते लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आमचा विषय ठरलेला. वर्षभर तोंड न दाखवणारे लोक कमिटीच्या निवडणुकीला कसे टॅक्सी करून येतात. आदल्या रात्री कोणत्या पॅनलचे फोन कोणाला गेले. डोळे अर्धे उघडे ठेवून "प्रभू, आमच्यातल्या काही बंधूंना सुबुद्धी दे" अशी प्रार्थना करणारे वडील नेमके कोणत्या बाकाकडे बघत होते. नकला करण्यात आमच्यातला एक जण इतका पटाईत होता, की पाळकसाहेबांच्या आशीर्वादाची लकब ऐकून टपरीवालाही हसायचा. प्रवचनातलं काही आठवत नसे, टपरीवरचं सगळं आठवे.

गंमत अशी, की त्या अड्ड्यातल्या एकालाही मंडळीने कधी खरा त्रास दिलेला नव्हता. खरा त्रास झालेला माणूस वेगळाच होता. एका मिशन संस्थेत लागायची त्याची नोकरी कोणाच्या तरी भाच्याला गेली होती. तो कधी टपरीवर थांबला नाही. तो पत्रं लिहायचा, पोच घ्यायचा, सभेत उभा राहून तारखांसकट विचारायचा, लोक कंटाळून "बसा हो" म्हणायचे, आणि पुढच्या प्रभुभोजनाला तो त्याच लोकांच्या रांगेत गुडघे टेकायचा. आम्ही त्याला 'अर्जनवीस' म्हणायचो. खूप नंतर माझ्या लक्षात आलं, की या लोकांकडून काहीतरी बरं घडेल अशी आशा त्या मंडळीत फक्त त्यालाच शिल्लक होती. ज्याच्याकडून काहीच घडणार नाही अशी खात्री असते, त्याला कोण अर्ज करतो? आम्ही अर्ज करत नव्हतो. आम्ही नकला करत होतो.

खजिनदार मी कसा झालो, तर टपरीवरच्या बोलण्यामुळेच. एका सभेत कोणी तरी चिडून म्हणालं, "बाहेर लई हिशेब सांगता नं, मग घ्या न थैली." माझ्या नावाला अनुमोदन मिळायला पाच सेकंदही लागले नसतील. मनात म्हटलं, चला, आता पुराव्यानिशी बोलता येईल.

पुरावा मिळालाही. बाजारातल्या सवयीने मी पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक समोरासमोर मांडलं. हंगामाच्या सणाचे पैसे बँकेत उशिरा भरलेले दिसले, आणि त्यातले अडतीस हजारांच्या आसपास भरलेलेच नव्हते. जबाबदारी ज्याची होती तो आमचा ढोलकीवाला. उपासनेत तो ढोलकीवर बसला की म्हाताऱ्याही मान डोलवायच्या. टपरीला महिनाभर पुरेल असा हा मसाला होता. तिथे सांगण्याआधी त्याच्या घरी गेलो, हे नशीबच म्हणायचं.

त्याने काही लपवलं नाही. बायकोने चहा ठेवला. त्याने कपाटातून शाळेची एक वही काढली. मागच्या पानांवर त्याच्याच अक्षरात तारीखवार लिहिलेलं होतं: अमुक दिवशी इतके घेतले, अमुक दिवशी इतके, आणि पुढे 'परत करायचे'. दोन ठिकाणी थोडी रक्कम परत भरल्याची नोंद, तिच्याखाली रेघ. मुलीचं लग्न, पाहुण्यांच्या मागण्या, सोसायटीचं कर्ज उशिरा मंजूर झालेलं, असं सगळं. बेरीजही चुकलेली नव्हती. मी आयुष्यभर वह्याच बघतोय. चोरी करणाऱ्याची वही अशी नसते. पण पैसे त्याचे नव्हते, हेही त्या वहीत तितकंच स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या घरी बसून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानाव्या लागल्या. टपरीवर तशी सोय नव्हती. तिथे माणूस एक तर भोळा असायचा, नाही तर चोर.

कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे पोलिसात द्या. दुसरा म्हणे चव्हाट्यावर नको, प्रभूच्या घराची लाज जाईल, गुपचूप मिटवा. दोघांनाही तो माणूस समोर नको होता. एकाला तो कोठडीत हवा होता, दुसऱ्याला पडद्याआड. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या कमिटीत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शिकवणीच्या आवाजात सांगितलं: लेखी कबुली घ्या, हप्ते बांधा, वार्षिक सभेत रक्कम आणि नाव सांगा पण एकही विशेषण लावू नका, यापुढे त्याच्या हाती रोख कधीच नको, आणि ढोलकी त्यानेच वाजवायची. "त्याने पैसे खाल्ले, ताल नाही," त्या म्हणाल्या.

तसंच झालं. सभेत मी आकडा वाचला तेव्हा तो तिसऱ्या बाकावर बसला होता. दोन कुटुंबं त्यानंतर यायची बंद झाली. एक परत आलं, एक नाही. हप्ते दोन वर्षांवर चालले, मधे काही चुकलेही. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मी त्याला पावती फाडून दिली. ती खिशात ठेवण्याआधी त्याने आकडा आणि तारीख बोट ठेवून वाचली, मग माझी सही बघितली. मला ते फार बरं वाटलं. मी त्याच्यावर लक्ष ठेवत होतो तसा तोही माझ्यावर ठेवत होता, आणि आम्हा दोघांनाही त्याचा राग नव्हता. कळमन्यात हे रोज घडतं. मंडळीत ते घडायला एवढी वर्षं लागली.

त्या दिवसांत पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र मी पहिल्यांदाच दिवाणजीच्या नजरेने वाचलं. यरुशलेमातल्या गरिबांसाठी तो वर्गणी गोळा करतोय, तीताला पाठवतोय, आणि त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ, शिवाय आणखी एक. कारणही सरळ देतो: एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणाला बोट ठेवायला जागा उरू नये. देवासमोर नीट असणं त्याला पुरेसं वाटत नाही, माणसांसमोरही नीट दिसलं पाहिजे. म्हणजे खुद्द पौलाला "विश्वास पाहिजे न भाऊ" हे उत्तर चालत नव्हतं. आणि हे कोणत्या मंडळीला? जिथले लोक एकमेकांना कोर्टात खेचत होते, गटबाजी करत होते, प्रभुभोजनात काही जण उपाशी आणि काही जण प्यायलेले असायचे. पहिल्या पत्रात त्यांना फैलावर घेण्याआधी तो त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. मी ही सुरुवात पूर्वी शिष्टाचार समजून ओलांडायचो.

आम्ही मोजणीची पद्धत बदलली. थैलीतले पैसे उपासना संपल्याबरोबर, दार उघडं ठेवून, दोघांनी मोजायचे. ते दोघे एका घरातले आणि एका पॅनलचे नसावेत. आकडा फळ्यावर लिहायचा. यात अध्यात्म काही नाही. पण टपरीवरची गर्दी हळूहळू कमी झाली, कारण तिथे अंदाजांवर चालायचं आणि अंदाजांचा भाव पडला.

खजिनदाराला आणखी एक गोष्ट दिसते, जी इतरांना दिसत नाही. हंगामाच्या सणाला आमच्याकडे घराघरातून आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो: दुधी, पपई, कोंबडी, केक, अंड्यांची टोपली, संत्री. रोज लिलाव बघणाऱ्या माणसाला हा लिलाव म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. वीस-तीस रुपयांच्या दुधीला आठशे रुपये. घेणारा तो परत देतो आणि पुन्हा बोली लागते. एक ठेकेदार दरवर्षी सर्वांत मोठ्या आवाजात बोली लावायचा, फोटो काढून घ्यायचा. आमच्या अड्ड्यावर त्याचं नाव 'दुधीसम्राट' होतं. वही हातात आल्यावर कळलं, की त्याच्या नावावर एक पैसाही बाकी नाही; शिवाय दोन मुलांची फी तो दर जूनमध्ये भरतो, पावतीवर नाव न घालण्याच्या अटीवर. त्याच वहीत असंही दिसलं, की ज्यांच्या नम्रतेचं आम्हाला फार कौतुक होतं त्या एका सद्गृहस्थांकडे तीन हंगामांची बोली थकलेली आहे. ठेकेदार दिखाऊ नाही असं मी म्हणत नाही. तो दिखाऊ आहेच. फोटो त्याला लागतोच. पण परखी एकाच जागी खुपसून पोत्याचा भाव करणं आम्ही बाजारात कोणाला करू दिलं नसतं.

मंडळीला असं विटून जाण्याचा विचार करताना मला कवी नारायण वामन टिळक आठवतात. ते आमच्या नागपुरात राहिलेले, अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम केलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो लोहमार्ग आज कळमन्यावरूनच जातो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना ख्रिस्ती मंडळीचे सगळे रंग दिसले: परदेशी मिशनऱ्यांचं वर्चस्व, पगारी सेवकांची लाचारी, गटतट. विटायला कारणं आमच्यापेक्षा पुष्कळ होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, आणि सोडून ते टोमणे मारत बसले नाहीत. साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. दरबार टिकला नाही. गाणी मात्र ज्या मंडळ्यांवर ते रागावले होते त्याच मंडळ्या आजही दर रविवारी म्हणतात. आणि लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचावं. ख्रिस्ती लोकांच्या वेडेपणाबद्दल, टिळकांच्या वेडेपणाबद्दल त्यांनी जितकं हसवलंय तितकं आमच्या टपरीने जन्मात हसवलं नसेल. फरक एवढाच, की त्यांच्या थट्टेचा पहिला फटका त्यांच्याच सोवळ्याला बसतो.

दुसरी गोष्ट 1970 ची. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, ती इथेच, नागपुरात. बोलणी 1929 पासून चाललेली. आमच्यातले एक आजोबा तेव्हा तरुण स्वयंसेवक होते आणि पाण्याच्या घागरी भरण्याची ड्यूटी त्यांच्याकडे होती. ते सांगायचे, "बाप्पा, शेवटच्या घडीले मेथडिस्टवाले मागे सरले. आम्हाले वाटलं सगळं ढासळते. नाही ढासळलं. सहा आले, सातवे नाही आले, घागरी तर भराच लागल्या." एकी झाल्यानंतर भांडणं संपली का, असं मी विचारलं तर आजोबा म्हणाले, "भांडाले आता एकच ऑफिस झालं, तेवढी सोय झाली." हे म्हणताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चाळीस वर्षं टेबलाला बसून राहिलेल्या लोकांबद्दल त्यांना आदर होता, आणि त्या लोकांच्या खोडीही पाठ होत्या.

2021 च्या एप्रिलबद्दल थोडंच लिहितो. नागपुरात तेव्हा काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. निवडणुकीत एकमेकांवर तक्रारी केलेले दोन्ही पॅनलचे दोन प्रमुख तेव्हा एका पेटीची दोन टोकं धरून कबरस्तानात उतरलेले मी पाहिले. गेलेल्या माणसाच्या घरचे सगळे क्वारंटाइनमध्ये होते. पुढच्या निवडणुकीत दोघं पुन्हा समोरासमोर उभे राहिले, पुन्हा तक्रारी झाल्या. आधीचं दृश्य खोटं होतं असं यावरून ठरवायचं की नंतरचं? मी ठरवणं सोडून दिलंय. दोन्ही नोंदी त्याच खात्यावर आहेत.

सगळा कडवटपणा गेला असं मात्र नाही. एका बाबतीत तो शाबूत आहे. कळमना, पारडी, भरतवाडा या बाजूला छत्तीसगडहून आलेली कुटुंबं राहतात. पुरुष यार्डात हमाली करतात, बाया मिरचीचे देठ खुडतात. त्यांतली काही ख्रिस्ती आहेत. संध्याकाळी त्यांच्या खोलीवर घरगुती प्रार्थनेला मी जातो. दहा बाय दहाची खोली, मिरचीच्या खाटाने सगळ्यांनाच ठसका लागलेला, खोकत खोकत हिंदी गाणी. थैली नसते; एका डब्यात दहा-दहाच्या नोटा पडतात आणि त्या मोजायला त्यांच्यातली एक सातवीतली मुलगी माझ्याबरोबर बसते. ही माणसं रविवारी मंडळीत मागच्या बाकावर बसतात. पण सभासद यादीत त्यांची नावं नाहीत, कारण गावच्या मंडळीचं बदलीचं पत्र नाही. गावच्या मंडळीला लेटरहेडसुद्धा नसेल. पत्राशिवाय मत नाही, आणि मत नाही म्हणून निवडणुकीत त्यांना कोणाचा फोनही येत नाही. पत्राचं कारण पुढे केलं जातं, पण ही पन्नासेक माणसं आली तर दोन्ही पॅनलची गणितं बिघडतील, हे सर्वांना कळतं. त्यात कोणाच्या घरी जेवायचं, कोणाच्या घरी सोयरीक करायची, ही जुनी मोजमापंही मिसळलेली आहेत. आम्ही बाप्तिस्मा घेतला, जातीने घेतला नाही.

पूर्वी हा विषय टपरीवर फार रंगला असता. आता मी अर्जनवीसाकडे गेलो. त्याने मला अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं: एका अर्जात एकच मागणी, तारीख वर, घटनेचं कलम दुसऱ्या ओळीत, भावना शेवटी आणि शक्यतो नकोच. मागच्या सभेत मी तो वाचला. पत्राऐवजी दोन सभासदांची लेखी ओळख आणि एक वर्षाची हजेरी धरावी, अशी मागणी आहे. एक वडील म्हणाले, "खजिनदारांनी पैशापुरतं पाहावं." मागून कोणी तरी हसलं; आवाज ओळखीचा होता, आमच्या जुन्या नकलाकाराचा. सभेनंतर त्याला गाठून दोन ओळखपत्रांवर सही मागितली. त्याने आधी पाळकसाहेबांच्या आवाजात मला आशीर्वाद दिला, मग खिशातून पेन काढून विचारलं, "नाव पुरं लिहायचं का इनिशियल चालते?"

ठराव पुढच्या सभेवर ढकललाय. विषयपत्रिकेत तो सातवा आहे, कंपाउंडच्या रंगानंतर. ओळखपत्रं आतापर्यंत एकतीस जमली आहेत, त्यातलं एक दुधीसम्राटाचं.